खांबाखालची दाद

थोंग शौआन डोळे मिटून नाटक बघत. बघत कसले, ऐकत. आमच्या पेइपिंगात जाणकार माणूस नाटक ऐकायला जातो. बघायला जातात ते खेड्यातले, नाहीतर शांघायचे. तिसऱ्या रांगेत, लाल खांबाच्या बुडाशी त्यांची जागा. वीस वर्षं तीच. पुढ्यात चहाची किटली, बशीत भोपळ्याच्या बिया, हातात मिटलेला पंखा. त्या पंख्यानं गुडघ्यावर ताल धरायचा आणि नेमक्या जागी, डोळे न उघडता, एकदाच म्हणायचं, "हाओ!"

आता हाओ म्हणजे वाहवा, हे कुणीही सांगेल. पण ती द्यायची कुठे, यात आमच्या पेइपिंगात पिढ्या गेल्या. नटाची तान संपते आणि ढोलावर टिपरी पडते, त्या दोहोंच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा असते. हाओ तिथे पडला पाहिजे. अलीकडे पडला तर नटाचा दम मोडतो. आणि गाणं नाही, ढोल नाही, सगळं शांत आहे, अशा वेळी कुणी ओरडला तर ती दादच नव्हे. ती हुर्यो. तेवढ्यावरून इथे खुर्च्या उडालेल्या आहेत.

थोंगांचा हाओ कधी चुकला नव्हता. घराणं जुन्या सरदारांचं, पण सम्राट गेला तशी सरदारकी गेली, वाड्याच्या जागी दोन भाड्याच्या खोल्या आल्या, आणि उरले ते कान. त्या कानांवर ते 'सायंवार्ता'त 'खांबाखालून' नावाचं सदर लिहीत. त्यात नाव आलं की नट तरला, नाही आलं तर त्यानं खुशाल त्येनजिनला जाऊन नकला कराव्यात.

यान छिंगलूला त्यांनीच वर काढलं होतं. पुलाजवळच्या जत्रेत, ताडपत्रीखाली हा एकोणीस वर्षांचा पोरगा स्त्रीभूमिका करत होता. थोंगांनी आठ ओळी लिहिल्या आणि महिन्याभरात तो मोठ्या नाटकगृहात उभा राहिला. आता छिंगलू चाळिशीला टेकला, शहरभर नाव झालं, पण दोन रीती त्यानं सोडल्या नाहीत. एक, पडद्याआड जाताना लांब बाहीला एक बारीकसा झटका द्यायचा, खांबाकडे. तेवढ्यापुरते थोंग डोळे उघडत. तो झटका आपल्यालाच आहे आणि आपल्यालाच तो माहीत आहे, अशी थोंगांची खात्री होती. आणि दुसरी, खेळ संपल्यावर तोंडाचा रंग पुसायच्या आधी विचारायचं, "कसं झालं, दादा?" हा प्रश्न तो दुसऱ्या कुणालाही विचारत नसे. या प्रश्नावर थोंग जगत होते म्हणा ना.

आणि मग आला फान चीमिंग. मागून आला नि तिखट झाला!

फान सव्वीस वर्षांचा. दोन वर्षं तोक्योला शिकून आलेला, कॉलेजात शिकवायचा, जाड भिंगांचा चष्मा, अंगात सायबी कोट. कुठल्याशा मासिकात तो नाटकांवर लिहायचा आणि त्याचं पालुपद एकच: 'नाटक ऐकू नका, बघा.' छिंगलूच्या हाताच्या बोटांवर त्यानं चार पानं लिहिली होती. बोटांवर! थोंगांनी ती चार पानं तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा त्यांना जेवण गेलं नाही. कारण ती चांगली होती. वाईट असती तर त्यांनी दोन घास जास्त खाल्ले असते.

दर सोमवारी दुपारी छिंगलूकडे थोंगांचं जेवण ठरलेलं. सोयाच्या काळ्या परतलेल्या सॉसमधल्या शेवया, वर काकडीचा कीस. त्या मे महिन्यातल्या एका सोमवारी ते अंगणात शिरले तर त्यांच्या वेताच्या खुर्चीत फान बसलेला. त्यांच्या! वीस वर्षांत त्या खुर्चीला त्यांच्या पाठीचा आकार आला होता. दोघं एका वहीवर वाकले होते. थोंगांची चाहूल लागताच छिंगलूनं वही उशीखाली सारली.

"या दादा, या! आज लवकर?"

"नेहमीच्याच वेळेला आलोय. तुझं घड्याळ बदललं असेल तर माहीत नाही."

फान ताडकन उठला, वाकून नमस्कार केला. "बसा गुरुजी, बसा ना."

"राहू द्या. बसलेल्याला उठवायची आमच्या घरात पद्धत नाही," थोंग म्हणाले आणि मुद्दाम तिपाईवर बसले. तिपाई डुगडुगत होती. जेवणभर डुगडुगत राहिली. छिंगलूनं शेवया वाढल्या, पण त्याचं लक्ष सारखं उशीकडे.

"काय चाललं होतं?"

"काही नाही हो, असंच."

"असंच!" थोंग म्हणाले, आणि शेवया चिवडत बसले. आतून मात्र उकळत होते. जिथे वीस वर्षं मी बसलो, तिथे हा कालचा पोरगा! आणि माझ्यापासून वही लपवायची?

घरी आल्यावर त्यांनी पंखा आपटला. त्यांची बायको अंगणात संदुकीला दोर आवळत होती. जपानी फौजेचा सराव नैऋत्येला महिनोन् महिने चालला होता. वारा तिकडून असला की धाडधाड ऐकू यायचं. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या संदुका बांधून तयार होत्या.

"काय झालं? तोंड का असं कारल्यासारखं?"

"छिंगलूला नवीन गुरू मिळालाय. माझ्या खुर्चीत बसवलाय त्याला."

"मग मिळू दे की. तुम्ही काय त्याची लग्नाची बायको आहात, सवत आली म्हणून रुसायला?" ती दोराची गाठ दातांनी ओढत म्हणाली. "वेशीवर जपानी तोफा आणून बसलेत, आणि आमच्या घरात दुःख कसलं, तर कोण कुणाच्या खुर्चीत बसला! धन्य आहे बाई."

"तोफा आज आहेत, उद्या जातील. कला—"

"हो, हो. ती गाठ धरा आधी."

जूनच्या मध्यावर थोंगांना साठ वर्षं पूर्ण झाली. आदल्या दिवशी छिंगलूकडून पीचच्या आकाराच्या गोड पावांची परडी आली, दीर्घायुष्याची. सोबत चिठ्ठी: 'उद्या दुपारी “परतलेला चाबूक” हा खेळ लावलाय, खास तुमच्यासाठी. दादा, एकच विनंती. उद्या डोळे उघडे ठेवून या.'

थोंगांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डोळे उघडे ठेवून! हे शब्द कुणाचे, हे काय सांगायला हवं? 'ऐकू नका, बघा.' म्हणजे त्या चष्मेवाल्याचं शिकवणं माझ्या वाढदिवसाला मलाच पाजतो काय? साठ वर्षांच्या माणसाला नाटक कसं घ्यायचं ते हा शिकवणार?

"ठेवतो हं उघडे," ते पावांच्या परडीला म्हणाले. "बघच तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाटकगृह फुल्ल होतं. युद्धाच्या अफवा उठल्या की आमच्याकडे लोक नाटकाला जास्तच जातात. उद्या मिळेल न मिळेल. टॉवेलवाल्यांनी घाम पुसायला फेकलेले गरम टॉवेल डोक्यांवरून उडत होते, चहावाले ओरडत होते. थोंग आपल्या जागी बसले. दोन रांगा मागे फान दिसला. थोंगांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि सावकाश, त्याला दिसेल असे, डोळे मिटले.

'परतलेला चाबूक' त्यांना तोंडपाठ. सरहद्दीवर गेलेल्या शिपायाची बायको हिवाळ्याचा डगला शिवत बसली आहे. चौदा महिने वाट बघते आहे. निरोप्या येतो आणि तिच्या हातात नवऱ्याच्या घोड्याचा चाबूक ठेवतो, नुसता चाबूक. ती तो घेते, गर्रकन वळते, ढोलावर टिपरी पडते आणि ती गाऊ लागते. त्या वळण्याच्या आणि टिपरीच्या मध्ये थोंगांचा हाओ. वीस वर्षं तिथेच.

निरोप्याची पावलं वाजली. पंखा गुडघ्यावर पडत होता. एक, दोन. निरोप्या थांबला. चाबूक दिला असणार. तीन. आता वळली.

"हाओ!"

टिपरी पडलीच नाही.

गाणंही नाही. काहीही नाही. अख्ख्या नाटकगृहात कुणी हूं की चूं करत नव्हतं आणि त्या शांततेत थोंग शौआनांचा खणखणीत आवाज घुमून छताला लागला. त्यांनी डोळे उघडले. रंगमंचावर छिंगलू वळलेलाच नव्हता. चाबूक दोन्ही हातांवर आडवा धरून तो नुसता उभा होता, नजर चाबकावर, आणि ढोलवाल्याच्या टिपऱ्या हवेत थांबलेल्या.

माडीवरून कुणीतरी हसलं. मग एक शीळ आली. "थोंगसाहेबांनी हुर्यो दिली रे!" कुणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य रांगारांगांतून पसरत गेलं. छिंगलूनं मान वर केली नाही. थांबायचं होतं तेवढा थांबला, मग वळला, टिपरी पडली, गाणं झालं. पडद्याआड जाताना त्या दिवशी बाहीचा झटका आला नाही. थोंग आत भेटायला न जाता मागच्या दारानं घरी गेले.

आता माणसानं काय करावं? सांगावं सरळ: बाबांनो, चुकलो. डोळे मिटून बसलो होतो, फजिती झाली. लोक दोन दिवस हसले असते आणि विसरले असते. पण ज्याचं सगळं भांडवल म्हणजे दोन कान, त्यानं कान चुकले असं सांगायचं? आणि कुणासमोर, त्या फानसमोर?

'सायंवार्ता'चा संपादक ल्याव वाटच बघत होता. "थोंगसाहेब, शहर विचारतंय! यानला हुर्यो, तीही तुमची! कारण काय?"

"कारण लिहिणारच आहे."

"लिहा. आणि जमलं तर थोडं देशाचं घाला हो त्यात. हल्ली नुसती बाही आणि तान कोण वाचतो? जपानचं नाव असलं की अंक तासाभरात संपतो."

थोंग लिहायला बसले. पहिली ओळ सुचेना, पण फानचा तोक्योतला कोट आठवला आणि मग लेखणी कशी धावू लागली! दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं:

'परवा आम्ही दाद दिली नाही. हुर्यो दिली, आणि विचार करून दिली. चाबूक हाती आल्यावर यान छिंगलू जो लांबलचक मुका थांबा घेतात, तो आमच्या आईबापांच्या नाटकात कधी नव्हता. तोक्योच्या रंगभूमीवर असे थांबे पैशाला पासरी मिळतात, आणि तिथून आलेल्या एका विद्वानांचं यान यांच्याकडे हल्ली जाणं-येणं आहे. जपानची फौज अजून वेशीबाहेर आहे. तिची रसिकता मात्र आत पोचलेली दिसते.'

शेवटचं वाक्य त्यांनी बायकोला वाचून दाखवलं. फार छान जमलं होतं.

ती संदुकीवर बसून ऐकत होती. "हे खरं आहे?"

"खरं म्हणजे… कलेच्या दृष्टीनं—"

"तुमचा हाओ चुकला ना?"

थोंग कागदाची घडी घालू लागले.

"चाळीस वर्षं संसार केलाय. तुमची खोकल्याची उबळसुद्धा मला ओळखू येते." ती उठली. "अहो, आजच्या दिवसात कुणाला जपानचा म्हणायचं म्हणजे खेळ वाटला का तुम्हाला?"

नव्हताच तो खेळ. तिसऱ्या दिवशी नाटकगृहाच्या दारावर विद्यार्थ्यांनी कागद डकवले: 'जपानी थांबा बंद करा.' चौथ्या दिवशी पहिल्या अंकात अंडी आली. डगला शिवणाऱ्या त्या बाईच्या कपाळावरून पिवळा बलक ओघळला आणि छिंगलू तसाच गात राहिला. ढोलवाला म्हातारा सोळा वर्षं छिंगलूच्या सोबतीला होता, त्यानं हात जोडले, म्हणाला, माझा मुलगा सैन्यात आहे, मला माफ करा. नाटकगृहाच्या मालकानं फलकावरचं छिंगलूचं नाव लहान केलं, मग आणखी लहान केलं. फानच्या वर्गात मुलं बसेनाशी झाली. थोंगांना रस्त्यात अनोळखी माणसं नमस्कार करून म्हणत, "बरी जागा दाखवलीत त्याला!" ते ऐकून थोंग घाईनं गल्ली बदलत, पण खोटं का बोला, फानच्या वर्गाचं ऐकलं तेव्हा थोडं बरंही वाटलं होतं.

जुलैच्या तीन तारखेला फान त्यांच्या दारात उभा राहिला. कोटाची बाही फाटलेली. बगलेत ती वही.

"काय, भांडायला आलात?"

"नाही गुरुजी. एक दाखवायला आलो." त्यानं वही उघडून पुढे धरली. पानापानावर पिवळी पडलेली कात्रणं. सगळी 'खांबाखालून'ची. एकावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे वाचा."

थोंगांनी चष्मा चढवला. कात्रण अकरा वर्षांपूर्वीचं होतं. 'चाबूक हाती येताच यान लगेच वळतो आणि गातो. अरे, जी बाई चौदा महिने वाट बघत होती तिला रडू फुटायलाही वेळ लागेल की नाही? तीन श्वास थांबावं. ढोलानंही थांबावं. पण आमचं ऐकतो कोण!' खाली सही, थोंग शौआन.

थोंगांनी ते दोनदा वाचलं. "हे… मी लिहिलं?"

"तुम्हीच. मी पंधरा वर्षांचा होतो, तेव्हा कापून ठेवलं. ही वही तोक्योत माझ्या उशाला होती. यानसाहेबांना दाखवली तर ते म्हणाले, दादांनी मागितलं होतं आणि मी कधी दिलंच नाही. यंदा त्यांच्या साठीला देऊ. महिनाभर बसवत होते. म्हणून तर चिठ्ठी धाडली, डोळे उघडे ठेवून या म्हणून."

थोंग मटकन उंबऱ्यावर बसले. मागे त्यांची बायको उभी होती. तिनंही तोंडावर पदर… कसला पदर, हातातलं फडकंच धरलं.

"दोन ओळी लिहा, गुरुजी," फान म्हणाला. "एक, थांबा माझाच आहे. दोन, माझा हाओ चुकला. तेवढ्यानं सगळं मिटेल. माझं जाऊ दे. यानसाहेबांना दूर दक्षिणेतल्या हानखौच्या एका नाटकमंडळीचं बोलावणं आलंय, इथे चूल पेटत नाही म्हणून ते निघालेत. आठ तारखेला शेवटचा खेळ."

"पहिली ओळ लिहितो."

"दुसरीशिवाय पहिलीला अर्थ काय? लोक विचारतील, स्वतःच्याच थांब्याला हुर्यो कशी दिली?"

"विचार करतो," थोंग म्हणाले.

आणि ते खरंच विचार करत बसले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. कागद काढायचे, शाई उगाळायची आणि हाओ चुकला हे न लिहिता हाओ चुकल्याचं कसं लिहावं याचे मार्ग शोधायचे. पण त्याहून आत एक वेगळीच कळ होती. त्या पोरानं आपली कात्रणं अकरा वर्षं जपली, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट. अकरा वर्षांपूर्वी मी सांगितलं तेव्हा छिंगलूनं ऐकलं नाही. तेच वाक्य त्या तोंडून आलं तर ऐकलं! माझं वाक्य माझ्या तोंडी कडू आणि त्याच्या तोंडी गोड? बसल्या बसल्या ते स्वतःच्याच वाक्याचा मत्सर करत होते.

"लिहिलंत?" बायको रोज विचारायची.

"लिहितोय."

"थेंबानं गेलेली हौदानं भरून येत नाही म्हणतात. तुमच्याकडे अजून थेंब आहे तोवर लिहा."

सात तारखेला संध्याकाळी त्यांनी अखेर दोन्ही ओळी लिहिल्या. लिहिल्यावर इतकं हलकं वाटलं की चार दिवस कशासाठी घालवले तेच कळेना. सकाळी उठून ते कागद घेऊन निघाले तेव्हा नैऋत्येकडून तोफांचा आवाज येत होता. सराव, त्यांना वाटलं. पण लोक सराव ऐकायला असे गल्लीच्या तोंडाशी जमत नाहीत.

'सायंवार्ता'त धावपळ चालली होती. ल्यावनं कागद घेतला, वाचला आणि परत दिला.

"थोंगसाहेब, रात्री नैऋत्येच्या पुलापाशी जपानी फौजेशी गोळीबार झाला. लढाई जुंपलीय. आजपासून नाटकाचं पान बंद."

"दोनच ओळी आहेत हो."

"परवा आणल्या असत्यात तर चार छापल्या असत्या, चौकटीत घालून." ल्याव तोवर दुसऱ्या कुणाशी बोलू लागला होता. "आज मला एक बोट जागा नाही."

थोंग कागद बाहीत खुपसून नाटकगृहात गेले. दुसरं सुचलंच नाही. खेळ लागला होता, छिंगलूचा शेवटचा. पाचशेच्या जागेत तीसेक माणसं. टॉवेलवाला नाही, चहावाला नाही. ढोलावर कुणी नवखा. थोंग खांबाच्या बुडाशी बसले. त्यांच्या पाठीमागे खांबाला टेकून फान उभा होता.

त्यांनी डोळे उघडे ठेवले.

वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी छिंगलूचे हात पाहिले. सुई ओवताना थरथरणारी ती बोटं, ज्यांच्यावर चार पानं लिहिता येतात. येतातच, थोंगांना मान्य करावं लागलं आणि मान्य करताना पुन्हा जळलं. निरोप्या आला. चाबूक दोन्ही हातांवर आला. ढोल थांबला.

एक श्वास. दूर तोफ वाजली. दोन. छिंगलू चाबकाकडे असा बघत होता की जणू अजून त्याचा अर्थ कळायचा आहे. तीन. आणि मग तो वळला, हळू, आणि दाण्याएवढी ती जागा आली.

थोंगांनी छाती भरून घेतली. शब्द जिभेवर आला. आणि त्यांना वाटलं, मी ओरडलो तर ही तीस माणसं काय समजतील? माझा हाओ म्हणजे हुर्यो, हे मीच छापून ठेवलंय. पुन्हा हुर्यो दिली म्हणतील. पुन्हा शीळ येईल.

तेवढ्यात टिपरी पडली. जागा निघून गेली. कुणीच ओरडलं नव्हतं.

छिंगलू गायला, गाणं संपलं, तो पडद्याकडे निघाला. पडद्यापाशी त्याची बाही हलली. बारीकसा झटका, खांबाकडे. आपल्यालाच, असं थोंगांना वाटलं आणि लगेच त्यांना मागे उभा असलेला फान आठवला.

"तुम्हालाच होता," मागून फान म्हणाला. त्याचा आवाज चिडका होता. "मुद्दाम तुमच्या पाठीशी येऊन उभा राहिलो होतो. म्हटलं, आज तरी माझ्या वाट्याला येईल. नाही आला. त्यांनी आधी मान कलवून तुम्ही बसलाय का ते पाहिलं."

"तुला… तो झटका माहीत आहे?"

"अहो, सगळ्या नाटकगृहाला माहीत आहे. मी लहान असल्यापासून जळतोय त्याच्यावर." फाननं चष्मा पुसला. "हाओ का नाही दिलात? मी देणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण ती जागा तुमची, म्हणून गप्प बसलो. दोघंही गप्प बसलो आपण आणि ते तिथे एकटे उभे होते."

थोंग उठले. रंगमंचाच्या बाजूनं ते आत गेले. आत सामान बांधून झालं होतं, हमाल पेट्या उचलत होते. स्टेशनावर जाऊन बसायचं, गाडी सुटेल तेव्हा सुटेल, असं ठरलं होतं. छिंगलू आरशासमोर बसला होता, रंग तसाच, हातात ओलं फडकं. त्यानं आरशातूनच पाहिलं.

"कसं झालं, दादा?"

थोंगांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "थांबा बरोबर होता. त्या दिवशीही बरोबर होता. छिंगलू, माझा हाओ चुकला रे. मी हट्टानं डोळे मिटून बसलो होतो. हुर्यो नव्हती ती."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"वीस वर्षं तुमचा हाओ ऐकतोय मी. दम किती घेता, पंखा केव्हा थांबतो, सगळं मला तिथे उभ्यानं कळतं. चुकला ते त्याच क्षणी कळलं मला. वाईट वाटलं, हसूही आलं. म्हटलं, खेळ संपल्यावर आत येतील आणि दोघं मिळून हसू." त्यानं फडकं गालावरून फिरवलं, अर्धा चेहरा त्या बाईचा राहिला, अर्धा चाळिशीच्या दमलेल्या पुरुषाचा. "मला काय सांगता, दादा? हे शहराला सांगायचं होतं."

थोंगांनी बाहीतून कागद काढून पुढे केला. "लिहिलंय. दोन्ही ओळी. पण जागा नाही म्हणतात."

छिंगलूनं कागद वाचला, नीट घडी घातली आणि परत त्यांच्या हातात दिला.

"अक्षर मात्र अजून सुरेख आहे तुमचं," तो म्हणाला, आणि राहिलेला रंग पुसू लागला.